विद्यार्थ्याची पुढील वाट आणि प्राथमिक शिक्षक

सातवीचा किंवा आठवीचा निकाल लागला, शाळा सोडल्याचे दाखले लिहून झाले, की त्या मुलांपुरते प्राथमिक शाळेचे काम संपले असे सामान्यतः मानले जाते. मुलगा पुढे कोठे गेला, तेथे टिकला की नाही, दहावीनंतर त्याने काय केले, या गोष्टी माध्यमिक शाळेच्या कक्षेतील होत, अशी समजूत असते. महाविद्यालय, उद्योगधंदा, नोकरी हे विषय तर प्राथमिक शिक्षकाच्या मर्यादेपलीकडचेच वाटतात. परंतु ज्या मुलांना पुढे वाट सापडली नाही त्यांचा मागोवा घेतला, तर निराळेच दिसून येते. पुष्कळांच्या वाटा दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर बंद झालेल्या नसतात. त्याआधी कितीतरी वर्षे, मूल गावच्या शाळेत असतानाच, त्या कोणाच्या लक्षात न येता बंद झालेल्या असतात. जी परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते तिचा अर्ज भरावयाचा राहून गेलेला असतो; पहिलीत प्रवेश देताना नोंदवहीत नाव चुकीचे लिहिले गेलेले असते; पाचसहा किलोमीटरांवरील शाळेत मुलीला पाठवावयाचे कसे, या प्रश्नाला वेळीच उत्तर मिळालेले नसते; किंवा ‘तुला गणित यावयाचे नाही’ हे एक वाक्य मुलाच्या मनात कायमचे घर करून बसलेले असते.

शहरातील काही शाळांतून या गोष्टींकडे पाहण्यासाठी समुपदेशक नेमलेला असतो. खेड्यातील प्राथमिक शाळेला तो मिळण्याचा संभव थोडा. यास्तव समुपदेशक नेमके काय करतो, त्याच्या कामातील कोणता भाग तज्ज्ञाचा आणि कोणता भाग कोणाही जागरूक शिक्षकास करता येण्याजोगा आहे, याचा विचार येथे केला आहे.

मार्गदर्शनाची कल्पना

व्यवसाय-मार्गदर्शनाच्या पद्धतशीर कार्याचा प्रारंभ अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला असे मानतात. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली तेथे एक कार्यालय उघडले. पार्सन्स अभियांत्रिकी शिकलेले होते. त्यांनी काही काळ शाळेत शिकविले होते आणि वकिलीही केली होती. परदेशांतून येऊन बोस्टनच्या दाट वस्तीत राहिलेल्या कुटुंबांतील तरुण मुले हाती लागेल ते काम धरीत आणि काही महिन्यांत सोडीत. त्यांना आपल्या कुवतीचा अंदाज नसे आणि शहरातील धंद्यांची माहितीही नसे. अशा तरुणांशी निवांत बोलून त्यांना विचारपूर्वक निवड करावयास साहाय्य करणे, हे त्या कार्यालयाचे काम होते. पार्सन्स त्याच वर्षी निवर्तले. परंतु त्यांचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील तीन तत्त्वे आजही या विषयाचा पाया समजली जातात. पहिले तत्त्व, माणसाने स्वतःला ओळखणे. दुसरे, निरनिराळ्या कामधंद्यांची खरी माहिती मिळविणे. आणि तिसरे, या दोहोंची सांगड विवेकाने घालणे.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर या विषयाकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२-५३ साली काम केलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली, आणि १९५४ साली दिल्लीस मध्यवर्ती मार्गदर्शन केंद्राची स्थापना झाली. प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची शिफारस डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाची होय. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग असून त्याचा आरंभ प्राथमिक शाळेच्या सर्वांत खालच्या इयत्तेपासून व्हावा, असे मत आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवी या इयत्तांत मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि गावातील सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा जाणत्या माणसांजवळ काम पाहावे, करावे, असे सुचविले आहे.

तात्पर्य, ही जबाबदारी प्राथमिक शाळेवर कोणी आज नव्याने लादलेली नाही. ती साठ वर्षांपूर्वीच सांगितली गेली होती. मात्र तिचा अर्थ पुरेसा उलगडून दाखविला गेला नाही.

समुपदेशकाची पाच कामे

समुपदेशक म्हणजे मुलाच्या कपाळावरील रेषा वाचून ‘तू डॉक्टर हो, तू कारकून हो’ असे सांगणारा माणूस नव्हे. निवड विद्यार्थ्याने करावयाची असते. समुपदेशक तिच्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या हाती देतो. त्याच्या कामाचे ढोबळमानाने पाच भाग पडतात. विद्यार्थ्याची ओळख करून घेणे हा पहिला. शिक्षणाच्या व व्यवसायांच्या वाटांची माहिती देणे हा दुसरा. विद्यार्थी व पालक यांच्याशी विचारविनिमय करणे हा तिसरा. अर्ज, दाखले, शिष्यवृत्त्या यांच्या साहाय्याने त्याला पुढील पायरीवर प्रत्यक्ष पोचविणे हा चौथा. आणि तो तेथे टिकला की नाही याचा पाठपुरावा करणे हा पाचवा.

अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेने अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे प्रमाण सुचविले आहे. परंतु त्या संपन्न देशातही बहुतेक राज्यांत एका समुपदेशकाकडे याहून अधिक विद्यार्थी असतात. उलट दोन-तीन शिक्षकांच्या खेड्यातील शाळेत साठसत्तरच मुले असतात. शिक्षक त्यांना चार-पाच वर्षे रोज पाहतो, त्यांचे घर ओळखतो, त्यांच्या आईवडिलांशी बोलतो. तज्ज्ञाजवळ नसलेले हे भांडवल त्याच्यापाशी आहे. ते वापरावे कसे, एवढाच प्रश्न आहे.

विद्यार्थ्याची ओळख

मुलाची ओळख करून घेताना तीन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या लागतात: आवड, क्षमता आणि परिस्थिती. ट्रॅक्टर दिसला की धावत जाणाऱ्या मुलास यंत्राची आवड आहे असे म्हणता येईल; परंतु सायकलची उतरलेली साखळी तो स्वतः बसवतो काय, बिघाड कोठे आहे याचा क्रमाने शोध घेतो काय, यावरून त्याची क्षमता दिसते. आणि दिवाळीनंतर आईवडिलांसमवेत ऊसतोडीला जाऊन सहा महिने शाळेबाहेर राहणे, ही त्याची परिस्थिती होय. परिस्थितीमुळे मागे पडलेल्या मुलास क्षमताच नाही असे ठरविणे, ही सर्वांत वारंवार होणारी आणि सर्वांत अन्यायाची गफलत आहे. अशा मुलाला हवी असते ती हंगामी वसतिगृहाची सोय आणि बुडालेल्या अभ्यासाची भरपाई. ‘अभ्यासात मंद’ हा शेरा त्याच्या काहीच उपयोगाचा नाही.

आवड व क्षमता मोजण्यासाठी प्रमाणित चाचण्या असतात. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू करण्यात आली होती. अशा चाचण्या उपयुक्त खऱ्या; परंतु त्या घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. शिवाय चाचणी त्या दिवसाचा कल सांगते, जन्माचा नव्हे. ज्या मुलाने प्रयोगशाळा पाहिलीच नाही त्याचा कल विज्ञानाकडे नाही असे चाचणीत दिसले, तर त्यावरून त्याच्या अनुभवाची उणीव तेवढी कळते.

प्राथमिक शिक्षकाचे साधन याहून साधे आहे. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे आणि वर्षातून तीन-चार वेळा त्यावर दोनतीन ओळी लिहाव्यात. ‘हुशार’, ‘आळशी’ अशी विशेषणे लिहू नयेत. घडलेली गोष्ट लिहावी. ‘सहलीचा हिशेब न चुकता ठेवला’, ‘लहान मुलांना गोष्ट सांगताना वर्ग शांत राहिला’, ‘चित्र काढताना प्रमाण अचूक’, ‘फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करते’ अशा नोंदी पाच वर्षांत पंधरा-वीस जमतात. त्यांतून मुलाचे जे रूप दिसते ते एका परीक्षेच्या गुणांतून दिसत नाही. वरील शेवटच्या नोंदीचे महत्त्व तर वेगळे सांगावयास नको. जिला फळा दिसत नाही, तिला गणित कसे यावे? तिला चष्मा मिळाला तर कदाचित एक वाट त्याच दिवशी मोकळी होईल.

येथे एका धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. लोहाराचा मुलगा म्हणून त्याला वेल्डिंग, मुलगी म्हणून तिला शिवणकाम, आणि शिक्षकाचा मुलगा म्हणून त्याला डॉक्टरकी, असा हिशेब मांडणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. ती जुनी चौकटच नव्या शब्दांत मांडणे होय. वडिलांच्या धंद्याचा अभिमान मुलाला असावा. परंतु तोच धंदा त्याच्या भाळी लिहिला आहे असे शाळेने सुचवू नये.

वाटांची माहिती

खेड्यातील मुलाला ‘पुढे कोण होणार?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा पोलीस, शिक्षक किंवा डॉक्टर असे येते. त्याचे कारण कल्पनेचे दारिद्र्य नव्हे. त्याने पाहिलेली पगारदार माणसे तेवढीच असतात. परंतु त्याच गावात येणाऱ्या एसटीमागे आगारातील कारागीर असतो. विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसामागे तारतंत्री किंवा वीजतंत्री या व्यवसायाचे प्रशिक्षण असते. दूध संकलन केंद्रामागे दुग्धतंत्राचे शास्त्र असते. गुरांच्या दवाखान्यामागे पशुवैद्यक महाविद्यालय असते. उपकेंद्रातील परिचारिकेमागे दोन, तीन किंवा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गावात दिसणाऱ्या प्रत्येक कामामागील शिक्षणाची वाट मुलांना उलगडून दाखविणे, हा माहिती देण्याचा सर्वांत सुलभ प्रकार होय.

या वाटांची स्थूल कल्पना शिक्षकास असावी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक किंवा दोन वर्षांचे व्यवसाय शिकता येतात. काही थोड्या व्यवसायांस आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र असतात. तेथून बाहेर पडल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. दहावीनंतरच तंत्रनिकेतनात तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेता येते, आणि ती पूर्ण करणाऱ्यास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचे शिक्षण तेथेच संपले ही समजूत बरोबर नाही. आयटीआय, पदविका, पदवी अशी पायऱ्यांची वाट तेथून वर जाते.

अकरावीत शाखा निवडताना मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काही दारे दोन्ही बाजूंनी उघडतात, काही एकाच बाजूने. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे कला किंवा कायदा शिकू शकतो. परंतु कला शाखेच्या विद्यार्थ्यास वैद्यक, कृषी किंवा अभियांत्रिकी पदवीकडे वळता येत नाही. विज्ञान शाखेतही ज्याने गणित सोडले त्याला अभियांत्रिकीचा आणि ज्याने जीवशास्त्र सोडले त्याला वैद्यकाचा मार्ग साधारणतः बंद होतो. याचा अर्थ प्रत्येकाने विज्ञानच घ्यावे असा नव्हे. इतिहास, भाषा, समाजशास्त्र यांची गोडी असलेल्या मुलास कला शाखेतून कायदा, अध्यापन, पत्रकारिता, प्रशासन यांच्या वाटा आहेत, आणि हिशेबात रमणाऱ्यास वाणिज्य शाखेतून लेखापालाचा सन्मान्य व्यवसाय आहे. अमुक शाखा श्रेष्ठ असे सांगू नये; कोणत्या निवडीने काय उघडते आणि काय मिटते, हे निवडीपूर्वी कळावे, एवढेच मार्गदर्शनाचे मागणे आहे.

ज्या संधी परत येत नाहीत

प्राथमिक शाळेच्या हातातील काही संधी अशा आहेत की त्या चुकल्यास पुन्हा मिळत नाहीत. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीतील प्रवेशाची परीक्षा पाचवीत शिकत असताना, तीही एकदाच देता येते. प्रत्येक विद्यालयात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, आणि बारावीपर्यंत निवास-भोजनाची सोय असते. दुसरी संधी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत दरमहा एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे हे अठ्ठेचाळीस हजार रुपये शेतमजूर कुटुंबातील मुलीला बारावीपर्यंत शाळेत ठेवावयास पुरेसे कारण ठरू शकतात.

या परीक्षांसाठी केवळ ‘पहिल्या पाचांतील’ मुलांचेच अर्ज भरण्याची प्रवृत्ती आढळते. ती टाळावी. नियमाप्रमाणे जो पात्र आहे त्या प्रत्येकाला परीक्षेस बसू द्यावे. परीक्षा देणे हादेखील एक अनुभव आहे, आणि निवड करण्याचे काम परीक्षेचे आहे; ते शिक्षकाने आधीच उरकून टाकू नये.

नोंदवहीचे महत्त्व

समुपदेशनाच्या ग्रंथांत क्वचितच आढळणारा, परंतु आपल्या राज्यात अत्यंत निर्णायक असलेला एक विषय येथे मांडला पाहिजे. तो म्हणजे शाळेची सर्वसाधारण नोंदवही, जिला सर्वजण जनरल रजिस्टर म्हणतात. पहिलीत प्रवेश देताना त्या वहीत लिहिलेले नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात ही दाखल्यावर जाते, दाखल्यावरून दहावीच्या प्रमाणपत्रावर, आणि तेथून प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी अशा प्रत्येक कागदावर जाते. वेलांटीचा एक फरक किंवा वडिलांच्या नावातील एक चुकलेले अक्षर बारा वर्षांनी मुलाला कार्यालयांच्या खेपा घालावयास लावते. मूल शाळेत असेपर्यंत अशी दुरुस्ती रीतसर पुराव्यानिशी करून घेणे शक्य असते. दहावीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर ती फार बिकट होते. म्हणून दरवर्षी दाखले लिहिण्याच्या वेळेपर्यंत न थांबता, चौथीत आणि पुन्हा सातवीत, प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या जन्मदाखल्याशी आणि आधारपत्राशी पालकांसमक्ष ताडून पाहावी.

या वहीचे दुसरे महत्त्व मागील पिढ्यांशी निगडित आहे. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घ्यावी लागते. त्यासाठी अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे कौटुंबिक पुरावे फार मोलाचे ठरतात. पुष्कळ कुटुंबांपाशी तेवढा जुना एकच कागद असतो: आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले, त्या शाळेच्या नोंदवहीतील ओळ. ती वही वाळवीने खाल्ली किंवा गळक्या छपराखाली भिजली, तर नातवाच्या महाविद्यालयातील जागेचा आधारच नाहीसा होतो. जुन्या नोंदवह्या कोरड्या जागी, कुलपात ठेवणे, फाटलेली पाने सांधून घेणे आणि उतारा मागावयास आलेल्या माणसाला न ताटकळविता तो देणे, हे खऱ्या अर्थाने व्यवसाय-मार्गदर्शनाचेच काम आहे.

पालकांशी विचारविनिमय

मुलाची पुढील वाट घरात ठरते. म्हणून समुपदेशक जितका वेळ विद्यार्थ्याशी बोलण्यात घालवितो, जवळजवळ तितकाच पालकांशी बोलण्यात घालवितो. या बोलण्याचा पहिला नियम असा की, उपदेश मागाहून, ऐकणे आधी. समजा, एखादे वडील म्हणाले, “गुरुजी, पोरगी हुशार आहे हे मलाही कळतं. पण हायस्कूल सहा किलोमीटरवर. पाठवू कशी?” या प्रश्नावर शिक्षणाचे माहात्म्य सांगणे व्यर्थ होय. वडिलांना माहात्म्य पटलेले आहे. त्यांची अडचण रस्त्याची आहे. त्यांना सांगावयास हवे ते असे की, अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा शाळेपर्यंतचा प्रवास मोफत आहे. गावातून आणखी कोण कोण मुली जाणार आहेत. बस किती वाजता येते आणि परतीची चुकल्यास काय व्यवस्था होईल. तालुक्याला मुलींचे वसतिगृह आहे काय. चार मुली मिळून जाणार असतील तर चारही घरांचा निर्णय सोपा होतो. यासाठी त्या चार घरांतील माणसांना एके दिवशी शाळेत एकत्र बसविणे, हे शिक्षकास सहज करता येण्याजोगे आहे.

‘पुढे शिकवून तरी फीचे पैसे कोठून आणावयाचे’ ही दुसरी शंका असते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. अन्य वर्गांसाठीही शिष्यवृत्त्यांच्या योजना आहेत. सातवीतील मुलीच्या वडिलांना ही गोष्ट सातवीतच कळली, तर दहावीनंतर लग्नाचा विषय निघण्यापूर्वी त्यांच्या मनात दुसरा विचार रुजलेला असतो. अठरा वर्षांपूर्वी मुलीचे लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे हे सांगावेच. परंतु नुसत्या कायद्याच्या धाकापेक्षा समोर मोकळी दिसणारी वाट अधिक परिणामकारक ठरते.

मुलाशी बोलतानाही हाच नियम लागू आहे. ‘गुरुजी, पोलीस व्हायला किती शिकावं लागतं?’ असे विचारणाऱ्या मुलास हसण्यावारी नेऊ नये, आणि ‘आधी पाढे पाठ कर’ असेही म्हणू नये. शिपाई पदाच्या भरतीस बारावी उत्तीर्ण व्हावे लागते, शारीरिक चाचणी व लेखी परीक्षा असते, आणि लेखी परीक्षेत गणितही असते, असे त्याला सरळ सांगावे. पाढ्यांचे प्रयोजन त्याला मग आपोआप कळते.

शाळा बदलताना आणि त्यानंतर

विद्यार्थी शाळा सोडण्याच्या सुमारास सर्वाधिक गळतो. एका शाळेने दाखला दिलेला असतो आणि दुसरीच्या पटावर नाव चढलेले नसते. या मधल्या काळात मूल कोणाच्याच हजेरीत नसते, आणि म्हणून ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. समुपदेशकाचे पाचवे काम, पाठपुरावा, येथे उपयोगी पडते. त्यासाठी एक साधी वही पुरे. विद्यार्थ्याचे नाव, शाळा सोडल्याचा दिनांक, नव्या शाळेचे नाव, तेथे हजर झाल्याचा दिनांक, नववीत आहे काय, दहावीचा निकाल आणि त्यानंतर काय केले, असे सात रकाने तिच्यात आखावेत. जूनअखेर चौथा रकाना ज्याच्यापुढे कोरा असेल त्याच्या घरी जावे. ती भेट पुढील पंधरा दिवसांत झाली पाहिजे, कारण मुलगा एकदा रोजंदारीवर जाऊ लागला, किंवा मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरी राहिली, की परत वळविणे दिवसेंदिवस अवघड होते.

याच वहीचा दुसरा उपयोग असा की, चारपाच वर्षांत तिच्यात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची हकिकत साठते. आयटीआयला गेलेला मुलगा, परिचारिकेचा अभ्यासक्रम करणारी मुलगी, कृषी पदविका घेऊन स्वतःच्या शेतात परतलेला तरुण हे सुटीत गावी येतात. त्यांना अर्धा तास वर्गात बोलवावे. प्रवेश कसा मिळाला, कोणता कागद कमी पडला, खोलीभाडे किती, पहिल्या वर्षी काय जड गेले, हे त्यांनी आपल्या भाषेत सांगितले म्हणजे मुलांना ते जितके खरे वाटते तितके कोणत्याही पुस्तकातील माहितीपत्रक वाटत नाही. ज्याला अपयश आले आणि ज्याने नंतर दुसरी वाट धरली, त्यासही बोलवावयास संकोच करू नये.

वर्षभरात करावयाची कामे

वरील विवेचनातून प्राथमिक शाळेपुरता जो कार्यक्रम निघतो तो थोडक्यात असा. जून-जुलैमध्ये मागील वर्षी शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलाचा पुढील प्रवेश झाल्याची खात्री करावी आणि चौथी व सातवीच्या मुलांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. नवोदय व आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती यांच्या अर्जांच्या मुदती जाहीर होताच फळ्यावर लिहाव्यात, आणि पात्र मुलांची यादी करून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांस वेळीच कळवावे. दर महिन्याला गावातील एका कामाची व त्यामागील शिक्षणाची ओळख मुलांना करून द्यावी. शक्य तर ते काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून. दिवाळीपूर्वी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करून मुले मागे राहण्याची सोय पाहावी. जानेवारीनंतर शेवटच्या इयत्तेतील प्रत्येक मुलाच्या पालकांशी एकदा तरी पुढील शाळेविषयी बोलणे व्हावे, आणि एखाद्या दिवशी त्या मुलांना प्रत्यक्ष त्या माध्यमिक शाळेत नेऊन आणावे. जागा एकदा पाहिलेली असली म्हणजे पहिल्या दिवसाचे भय अर्धे होते.

ज्या मुलाला मानसिक त्रास आहे, जे सारखे भेदरलेले असते, ज्याच्या घरी मारहाण होते, किंवा ज्याच्या शिकण्यात विशेष अडथळा दिसतो, त्याच्या बाबतीत मात्र शिक्षकाने स्वतः निदान करण्याच्या भरीस पडू नये. केंद्रप्रमुखांमार्फत विशेष शिक्षक, वैद्यकीय अधिकारी किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांच्याकडे ते प्रकरण न्यावे आणि त्याची वाच्यता वर्गात होऊ देऊ नये. आपली मर्यादा ओळखणे हाही मार्गदर्शनाचा भाग होय.

या कामांस स्वतंत्र तास लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. दोन वह्या, काही घरभेटी आणि मुदतींचे स्मरण एवढ्यावर ती होतात. मुलाने पुढे कोण व्हावे हे ठरविण्याचा अधिकार शाळेला नाही. परंतु ते ठरविण्याची वेळ येईल तेव्हा त्याच्यापुढे एकाहून अधिक वाटा शिल्लक असाव्यात, हे पाहणे शाळेच्या हाती आहे, आणि ते काम पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी, नोंदवहीत नाव लिहिताना सुरू होते.